धुक्यात गेलेली दोरी

फार मागे, म्हणजे गोष्टी सांगणाऱ्यांनाही नीट आठवत नाही इतक्या मागे, डोंगरांच्या ओंजळीत एक तळं होतं. सकाळी त्याच्यावर असं धुकं उतरायचं, की पाणी कुठे संपलं नि आभाळ कुठे सुरू झालं हे बगळ्यांनाही कळत नसे.

तिथल्या बायका पालथ्या घागरीवर तरंगत धुक्यात शिरायच्या आणि शिंगाडे काढायच्या. तान्ह्या बाळाला कुठे ठेवणार? म्हणून काठावरच्या जांभळीला झोळी बांधायची, झोळीला लांब दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक आपल्या मनगटाला. पाण्यातून हिसका दिला की काठावर झोळी हलायची. काम संपलं की तीच दोरी गुंडाळत बाई काठाला लागायची. धुक्यात दुसरी वाट नव्हती.

त्या राज्यात दोन शास्त्री होते. एक म्हणे देव आहे, दुसरा म्हणे नाही. लोक त्यांना आहेशास्त्री आणि नाहीशास्त्री म्हणत. खरी नावं त्यांच्या आयांनाच ठाऊक असतील. बारा वर्षांचा वाद ऐकून राजा कंटाळला. "पौर्णिमेला पुरावा घेऊन या," तो म्हणाला. "जिंकेल तो पालखीत बसेल. हरेल तो खांदा देईल."

दरबाराच्या वाटेवर, एका सकाळी, दोघे त्या तळ्याशी आले. काठावर माणूस नव्हतं. पाण्यात एक म्हैस डोळे मिटून बसली होती आणि जांभळीला एक झोळी आपली आपण झुलत होती.

"हा घ्या पुरावा," आहेशास्त्री म्हणाला. "झुलतंय, म्हणजे कुणीतरी झुलवतंय."

"वाराही झुलवतो," नाहीशास्त्री म्हणाला.

"आणि ही दोरी?"

"दोरी धुक्यात गेलेली दिसते. टोकाला कोण, ते दिसत नाही."

"मग कापून पाहू. झोळी थांबली तर मी जिंकलो."

"नाही थांबली तर मी."

बारा वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. पान-सुपारीचा चाकू निघाला. दोरी तुटली आणि तिचं टोक सापासारखं पाण्यात उतरून गेलं.

झोळी थोडा वेळ झुलत राहिली. मग थांबली. मग वाऱ्याने जरा हलली. दोघेही एकदम म्हणाले, "पाहिलंत?"

इतक्यात झोळीतलं बाळ रडू लागलं.

म्हशीने एक डोळा उघडला. "दोरी कापलीत होय. आता त्या पोराची आई काठाला कशी येणार?"

दोघांचे चेहरे उतरले. "आम्ही हाका मारतो," आहेशास्त्री म्हणाला.

"इथे हाक चारी डोंगरांतून परत येते. हाकेच्या मागे गेलेली माझी बहीण पलीकडच्या गाळात रुतली, ती रुतलीच."

"आम्हाला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्हाला सगळं ठाऊकच होतं."

नाहीशास्त्रीने दोन्ही उपरणी आणि दोन्ही पागोटी एकमेकांना बांधली. एक टोक जांभळीला, दुसरं आपल्या कमरेला. "मला पोहता येत नाही," तो म्हणाला.

"मला येतं," म्हैस म्हणाली, "पण गाठ मारता येत नाही. धर माझं शेपूट."

ती दोघं धुक्यात दिसेनाशी झाली. आहेशास्त्री काठावर राहिला. देवाचा धावा करावा असं त्याला वाटलं, पण बाळ श्वास कोंडून रडत होतं. त्याने झोळी धरली आणि हलवू लागला. पाठ केलेल्या श्लोकांतला एकही त्याला आठवेना. त्याची आई गायची ते काहीतरी आठवलं, तेच तो गुणगुणत राहिला.

तिकडे नाहीशास्त्रीच्या हाताला तुटकं टोक लागलं. त्याने ते पागोट्याच्या टोकाला घट्ट बांधलं आणि हिसका दिला. काहीच झालं नाही. पुन्हा दिला. चहूकडे नुसतं पांढरं, जणू जग अजून व्हायचंच होतं. आणि मग पलीकडून, अगदी हळू, ओढ आली.

म्हशीचं शेपूट धरून तो पाण्यातच रडला म्हणतात; पण म्हशीने ते कुणाला सांगितलं नाही.

बाई दोरी गुंडाळत काठाला आली, मागोमाग म्हैस आणि नाहीशास्त्री. तिने आधी बाळ उराशी धरलं, मग विचारलं, "कुणी कापली?"

"आम्ही दोघांनी."

"बांधली कुणी?"

"मी," नाहीशास्त्री म्हणाला. "हे झोळी हलवत होते."

तिने बाळाला पदराखाली घेतलं.

"बाई," आहेशास्त्रीने भीत भीत विचारलं, "दोरीच्या टोकाला तू आहेस, हे बाळाला कळतं का?"

"काय ठाऊक, बाबा. कधी मी ओढते, कधी वारा हलवतो. मलाच पाण्यात घोर लागतो, आपण पुरेसं ओढतोय की नाही. ओढत राहते. दुसरं काय करणार?"

पौर्णिमेला दोघे दरबारात गेले आणि म्हणाले, "महाराज, आम्हाला ठाऊक नाही." पालखी रिकामीच राहिली. पुढे तिच्यात पारव्यांनी घरटं केलं.

त्या तळ्याकाठी अजूनही झोळीची नवी दोरी आधी मधोमध कापतात, मग गाठ मारतात, आणि मगच मनगटाला बांधतात.

बोध इतकाच: देव आहे की नाही हे सिद्ध होवो न होवो, रडत्या बाळाची झोळी ज्याच्या हाताशी असेल त्याने ती हलवावी.