आखूड नळीच्या तिघी

"यातली कुठली देऊ, उस्ताद?"

घोंगडीवर तीन रिव्हॉल्व्हरं ओळीनं मांडून मानसिंगराव इंगवल्यांनी विचारलं.

लाडलेसाहेब शिकलगारांना सगळं गाव चाचा म्हणे. त्यांनी पहिलं हत्यार उचललं, त्याची गोळ्या भरायची मागची खिडकी उघडली, आणि गोळ्यांची चक्री हळूहळू फिरवत एकेका घरात करंगळीचं टोक घालून पाहिलं.

"मोकळ्या आहेत तिन्ही. मी स्वतः बघून आणल्यात."

"तू बघितलंस. माझ्या बोटानं अजून न्हाई बघितलं."

चाचांचे डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती. दुकान मात्र चालू होतं. आजोबांनी संस्थानाच्या तलवारी उजळल्या, वडिलांनी बंदुका दुरुस्त केल्या, आणि चाचा ब्याऐंशीव्या वर्षी कुरुंदवाडच्या त्याच गल्लीत, त्याच दारात बसून लोकांची हत्यारं बोटांनी वाचत होते. पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. हे इंगवले सांगत आणि ते खरंच होतं.

इंगवले सांगत तसं सगळंच खरं असे असं नाही.

घाटाकडच्या गावचे हे जहागीरदार. वय अठ्ठावन्न, मिशी भरघोस, आवाज त्याहून भरघोस. जमीन बरीचशी गेली होती, पण बोलण्यातून अजून एक गुंठाही हललेला नव्हता. दुकानाच्या उंबऱ्याबाहेर चाचा त्यांना 'सरकार' म्हणत. उंबरा ओलांडून आत आलं की 'मानसिंगा'. इंगवल्यांनी याला कधी हरकत घेतली नाही. विसाव्या वर्षी ते इथं हत्यारं खोलायला शिकायला आले, तेव्हा चाचांनी त्यांना वर्षभर एकही स्क्रू फिरवू दिला नव्हता. नुसतं पुसायला लावलं होतं. तेलाच्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं, मग पुन्हा तेलाच्या.

"एक जमा करायची म्हनतोस?"

"नवा कायदा. एका लायसनवर दोनच. शनिवारपर्यंत एक पोलिसांच्या मालखान्यात द्यायची."

"आणि परत?"

"परत कोण देतं..."

चाचांनी मान हलवली. दुसरं उचललं. पुन्हा करंगळी, पुन्हा एकेक घर.

इंगवल्यांच्या घरी या तिन्हींना 'तिघी' म्हणत. नाव बाईसाहेबांनी ठेवलेलं. "ह्यांना जेवायला हाक मारू नका, तिघींपाशी बसलेत," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या.

आणि पाहुणा एकदा त्या खोलीत गेला की दीड तास बाहेर यायचा नाही. इंगवले पेटी उघडायचे, मखमल बाजूला करायचे आणि सुरू व्हायचे. त्यांची थट्टा करावी तेवढी थोडी, पण ते बोलायला लागले की ऐकत राहावं असंच बोलायचे.

"लांब नळीची बंदूक कुणीही जमवील," ते म्हणायचे. "भिंतीवर टांगली की झालं. ही बघा. नळी अडीच इंच. बोटाच्या दोन पेरांएवढी. आणि तोंड? चारशे पन्नास बोअर! करंगळी जाईल. एवढ्याशा घराला एवढा मोठा दरवाजा, आणि तरी कुठं बेढब दिसतंय का? कारागिरानं जे नको ते सगळं काढून टाकलंय. उरलंय ते नुसतं काळीज."

पाहुणा हातात घ्यायचा, आणि कबूल करायचा की हो, बेढब नाही. देखणीच आहे.

आता त्या तिघी घोंगडीवर होत्या.

पहिली बुलडॉग. पाच घरांची, मुठीत जवळजवळ नाहीशी होणारी. इंगवल्यांचे वडील, आबा, जंगलखात्यात होते. सायकलवरून रानात फिरताना ही त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात असे. चाळीस वर्षांत त्यांनी ती एकदाही झाडली नाही.

दुसरी बेल्जमची, बेल्जियममध्ये घडलेली. हस्तिदंती मूठ, अंगभर वेलबुट्टी. अशी नाजूक नक्षी इतक्या दांडग्या हत्यारावर कुणाला सुचली असेल, याचं नवल वाटावं.

तिसरी फौजी. मूळची लांब. कुणा साहेबाला मोटारीत बसताना ती मांडीला टोचायची, म्हणून चाचांच्या वडिलांनी तिची नळी तीन इंचांवर कापून दिली होती. नेम धरायची माशी पुन्हा अशी बसवली होती की सांधा शोधून सापडू नये. संग्रह करणारे कापलेल्या हत्याराला नाक मुरडतात. इंगवले तिला 'कापलेली' म्हणत.

चाचांनी तिसरीही तपासली. तिची नळी अंगठ्यानं चाचपली आणि माशीपाशी अंगठा जरा थांबला.

"अब्बांचा हात..." ते म्हणाले. "झकास काम करायचे, बरं का. आंधळ्यालासुदिक कळतंय."

इंगवले सरसावून बसले.

"तसं बघायला गेलं तर उस्ताद, तिन्ही मला सारख्याच. पण कागदोपत्री म्हणाल तर... कापलेलीला किंमत नाही. जाणकार तिला धरतच नाहीत. फक्त तुमच्या वडिलांचं काम, म्हणून म्हटलं, तुमची परवानगी घेतल्याशिवाय..."

सल्ला विचारायला येणाऱ्याच्या खिशात उत्तर बहुधा असतंच. त्याला हवा असतो तो फक्त शिक्का.

चाचा हसले.

"मानसिंगा, एक सांग. तुला आखूडच का आवडत्यात?"

"म्हणजे?"

"तुझ्याकडं तलवारी हुत्या, भावाला दिल्यास. लांब रायफल हुती, इकून टाकलीस. ह्या तीन न्हाई सोडल्यास. का?"

"ताकद, उस्ताद. एवढ्याशा अंगात एवढी ताकद."

चाचांनी कान टवकारल्यासारखं केलं आणि वाट पाहिली.

"...कारागिरी. तुम्हीच म्हणायचा, लांब नळी दुरून बोलते. आखूड नळी जवळ आलेल्याशीच बोलते."

"ते माझं बोलणं झालं. तुझं?"

रस्त्यावरून भांडीवाला ओरडत गेला. त्याचा आवाज लांब जाईपर्यंत इंगवले घोंगडीची एक सुरकुती सरळ करत राहिले.

"खंडेनवमीला पूजा झाली," ते शेवटी म्हणाले, "की आबा वर्षातून एकदा बुलडॉग माझ्या हातात द्यायचे. मी सहा-सात वर्षांचा असेन. पडेल म्हणून वरून स्वतःचा हात धरायचे. माझी सगळी मूठ त्यांच्या हातात... एरवी ते कुणाला जवळ घेणारे नव्हते."

"हं."

"लांब हत्याराला दुसरा हात पुढं कुठंतरी लागतो. हिच्यावर... हातावर हातच बसतो."

ते थांबले. मिशीवरून उगीच हात फिरवला.

"बाकीच्या दोन त्यासाठीच घेतल्या असतील. हातात तसं काही येतंय का बघायला."

"आलं?"

"...नाही. पण सुंदर आहेत, उस्ताद. खरंच सुंदर आहेत."

"हाईत तर," चाचा म्हणाले. "त्यात काय वाद न्हाई."

त्यांनी बेल्जमची उचलली आणि घोड्याच्या मागच्या बेचक्यात, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं अंगठ्याचं नख हळूच फिरवलं.

खर्र... असा बारीक आवाज आला.

मग कापलेली घेतली. तिच्याही बेचक्यात नख फिरवलं.

खर्र...

मग बुलडॉग. नख गेलं आणि आलं. काहीच आवाज झाला नाही. त्यांनी पुन्हा फिरवून पाहिलं. लोणी.

"पूजेला हळदकुंकू वल्लं लावता?"

इंगवल्यांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

"लावतो."

"आणि कवा पुसता?"

"दुसऱ्या दिवशी. दसरा झाल्यावर. देवापुढची हत्यारं रात्रीतून कशी उचलायची..."

"पैल्याच वर्षी मी काय सांगितलं हुतं?"

इंगवल्यांना ते पाठ होतं. खाली बघत त्यांनी म्हटलं, "तासाभरात पुसायचं. देवाला राग येत नाही, लोखंडाला येतो."

"कुंकू खाली वघळतंय. बेचक्यात बसतंय. रातभर लोखंड खातंय. वरनं तू तेल लावून चमकावतोस, पाव्हन्यांला झक्क दिसतंय." चाचा आवाज चढवत नव्हते. "दोघींच्या अंगाला फोड आल्यात. हिला मात्र एक न्हाई. ही तासाभरात पुसली जाती. व्हय ना?"

"...आरती झाली की. सगळे प्रसादाला वळतात तेव्हा. मी धोतराच्या सोग्यानं हळूच..."

"आणि मला सांगतोस तिन्ही सारख्या."

लबाडी पकडली गेल्याचं दुःख इंगवल्यांना नव्हतं. खरं दुःख त्या दोन फोड आलेल्या हत्यारांचं होतं. ज्यांच्यावर दीड दीड तास बोललो, त्यांच्या अंगावर आपल्याच हातानं गंज पेरला. त्यांनी बेल्जमची उचलली, नख फिरवून पाहिलं आणि तो आवाज ऐकून घोंगडीवर ठेवून दिली.

"हे निघेल?"

"निघंल. रोज बसावं लागंल. पैल्या वर्षासारखं."

"मी बसेन."

"मालखान्यात कोन बसंल?"

इंगवल्यांनी चमकून वर पाहिलं. चाचांचे न दिसणारे डोळे दाराकडे होते.

"तिथं हत्याराला चिठ्ठी बांधत्यात आणि ठेवून देत्यात," चाचा म्हणाले. "त्यांचा काय दोष न्हाई. त्यांला हजार कामं. पण गंज धरल्याली तिथं गेली, तर दोन पावसाळं. मग घोडा हलायचा न्हाई. आणि धडधाकट गेली तर..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं.

इंगवल्यांच्या लक्षात आलं. आलं तसा त्यांचा उजवा हात आपोआप पुढं जाऊन बुलडॉगवर पडला.

"नाही, उस्ताद."

चाचांनी मान त्यांच्या आवाजाकडं वळवली.

"दुसरं काहीही सांगा. हस्तिदंतीसुद्धा देतो, आत्ता देतो. ही आबांची आहे. मला त्यांचं दुसरं काही... ही गेली तर माझ्याकडं काय उरलं?"

एवढा मोठा माणूस, कुणाच्या बारशात बोलायला उभा राहिला तरी माईक नको म्हणणारा. त्या घोंगडीवर त्याला धड चार शब्द जुळवता येईनात.

चाचांनी चाचपत इंगवल्यांचा हात शोधला. बुलडॉग त्यांच्या मुठीत नीट बसवली. अंगठा जिथं असायला हवा तिथं ठेवला. आणि मग आपला म्हातारा, तेलानं काळा पडलेला पंजा त्या मुठीवर वरून ठेवला.

दोघेही तसेच बसून राहिले.



इंगवल्यांनी डोळे मिटले होते. ते रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

चाचांनी हात काढून घेतला.

"गेला का हात?"

इंगवल्यांनी मुठीकडं पाहिलं.

"...नाही."

चाचांनी बुलडॉग त्यांच्या बोटांतून हलकेच सोडवून घेतली. तेलाच्या फडक्यानं पुसली, कोरड्या फडक्यानं पुसली, पुन्हा तेलाच्या. कानाशी धरून चक्री फिरवली. टक्, टक्, टक्, टक्, टक्. पाचही घरं सारखी बोलली. "काय हत्यार हाय," ते स्वतःशीच म्हणाले आणि ती फडक्यात गुंडाळून त्यांनी उंबऱ्याच्या बाजूला, मालखान्यासाठी वेगळी ठेवली.

उरलेल्या दोघी त्यांनी इंगवल्यांच्या पुढ्यात सरकवल्या.

"हिला बाप गावला, मानसिंगा. ह्या दोघी अजून बिनबापाच्या हाईत."