भूपालची काजळी आणि सोनाक्कांचा बोका

“मग ते मांजर पोत्यात घालून कृष्णेपलीकडं सोडलं, तर पाप लागंल काय उस्ताद?”

अप्पालाल उस्ताद कबुतरांसाठी सुपात शाळू निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मारायचं न्हाई,” भूपालनं घाईघाईनं पुस्ती जोडली. “नुसतं सोडायचं. जैनाच्या घरचा हाय मी.”

“पलीकडं कबुतरं पाळत न्हाई व्हय कुणी?”

“पाळत असतील की. पण ती माझी न्हाईत.”

उस्तादांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला आणि पुन्हा शाळूत बोटं घातली.

मिरजेत दिवसभर आभाळात राहणारी गिरेबाज कबुतरं उडवणारे पुष्कळ, पण उस्ताद म्हटलं की ते अप्पालाल शिकलगारच. ज्याला त्यांचा शागीर्द व्हायचं असेल त्यानं पेढे घेऊन जायचं, त्यांच्या हातचे चार दाणे आणून आपल्या कबुतरांना घालायचे, आणि मग उस्ताद सांगतील ते मुकाट ऐकायचं. भूपाल चौगुलेनं तीन वर्षांपूर्वी पेढे नेले, दाणेही घातले. ऐकायचं तेवढं राहून गेलं. स्पर्धेतल्या दोन ढाली जिंकल्यापासून तर गडी हवेतच होता. त्याची कबुतरं तरी संध्याकाळी खाली यायची.

आता मात्र गाठ बोक्याशी पडली होती. शेजारच्या सोनाक्कांचा हा बोका रोज दुपारी चारच्या सुमाराला गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवरून एक फेरी मारायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम. पंधरा दिवसांपूर्वी तो भूपालच्या गच्चीवरच्या ढाबळीत, कबुतरांच्या खुराड्यात शिरला आणि एका नराच्या शेपटीची तीन पिसं घेऊन गेला.

“आत शिरला कसा?” उस्तादांनी विचारलं.

“दारातनं.”

“दाराला कडी हाय नव्हं?”

“हाय.”

“मग उघडली कुणी... मुकादमानं?”

भूपालनं खिशातला रुमाल काढून विनाकारण तोंड पुसलं. त्या दिवशी कडी लावायला तोच विसरला होता. पण शागीर्द झाला म्हणून काय माणसानं सगळंच कबूल करायचं?

“कडीचं सोडा उस्ताद,” तो म्हणाला. “माझ्या काजळीचं बघा.”

काजळी त्याची सगळ्यात चांगली मादी. अंग पांढरंशुभ्र, डोळ्याभोवती काळी रेघ. सकाळी सहाला सोडली की चारपर्यंत आभाळात. पण गेले पंधरा दिवस ती घरावर येऊन नुसत्या घिरट्या घालायची आणि गच्चीवर काही उतरायची नाही. येत्या रविवारी स्पर्धा होती. स्पर्धेचा नियम साधा आणि कडक: कबूतर दिवसभर उडालं तरी पाय आपल्याच गच्चीला लावायला हवेत. दुसऱ्याच्या घरावर टेकलं की बाद. भूपालला रात्रंदिवस हाच घोर लागला होता.

“त्या मांजराची धास्ती बसलीया तिला,” तो म्हणाला. “मी तरी कुठं कमी पडतोय? एका डब्यात खडी भरून ठेवलीया. मांजर कठड्यावर दिसलं की असा वाजवतोय असा वाजवतोय... दोनदा लवंग्यासुद्धा लावल्या.”

“मग पळतो मुकादम?”

“पळतोय म्हणजे! वळून बघत न्हाई.”

“आणि काजळी उतरती कुठं?”

“शेजारी.”

“शेजारी म्हणजे कुणाकडं?”

“सोनाक्काच्या पत्र्यावर...”

“आणि मुकादम राहतो कुठं?”

या दोन्ही गोष्टी भूपालला ठाऊक होत्या. पण त्या एकमेकींशेजारी मांडून बघाव्यात असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

“बावळट हाय ती,” शेवटी तो म्हणाला. “थेट मांजराच्याच दारात जाऊन बसती.”

उस्तादांनी सूप बाजूला ठेवलं. “उद्या येतो तुझ्याकडं,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता उस्ताद काठी टेकत गल्लीत शिरले. भूपालनं जिना झाडून, गच्चीवर सतरंजी टाकून ठेवली होती. उस्ताद त्याच्या दारावरून पुढं गेले आणि सरळ सोनाक्कांच्या घरात शिरले.

भूपालच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लवंग्या लावल्यापासून तो सोनाक्कांशी एक शब्द बोलला नव्हता. आणि त्याचा उस्ताद त्यांच्या ओट्यावर बसून बशीतून चहा पितोय! तो आपल्या दारात उभा राहिला आणि आपलं तिकडं अजिबात लक्ष नाही असं दाखवत सगळं ऐकू लागला.

“मुकादमाला सांजचं सातला जेवाण असतंय,” सोनाक्का सांगत होत्या. “साडेतीनला घालू म्हणता? घालीन की. त्यात काय हाय?”

“पोटभर घाला अक्का.”

“घालते. आजवर कुणी ईचारलंच न्हाई बघा. नुसतं वरनं डबं वाजत्यात. मला वाटलं, चौगुल्याच्या पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याच्या आईला ईचारणार हुते, पण बरं दिसत न्हाई.”

भूपाल आत गेला.

चारला दोघं गच्चीवर बसले होते. मुकादम वेळेवर आला. पोट तट्ट फुगलेलं, चाल मंद. कठड्यावर अंग टाकून त्यानं दोनदा पंजा चाटला, आणि तिसऱ्यांदा चाटायचा कंटाळा करून डोळे मिटले.

भूपालचा हात डब्याकडं गेला. डबा जागेवर नव्हता. उस्ताद त्याच्यावर बसले होते.

“उस्ताद... मांजर.”

“दिसतंय.”

“उस्ताद, काजळी आली!”

डोक्यावर पांढरा ठिपका खाली खाली येत होता. एक घिरटी झाली. दुसरी झाली. आता ही मांजराच्या तोंडात जाणार, नाहीतर पुन्हा पत्र्यावर जाणार आणि रविवार हातचा जाणार. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि मांजराला हाकलायला जबडा वासला.

उस्तादांनी खिशातून मूठभर शाळू काढला आणि त्या वासलेल्या जबड्यात कोंबला.

“थुंकायचा न्हाई,” ते हळूच म्हणाले. “तिचा हाय.”

भूपाल गाल फुगवून बसला. ओरडता येईना, गिळता येईना. डोळे मात्र एकदा मांजराकडं, एकदा आभाळाकडं.

काजळीनं तिसरी घिरटी घातली, पंख आवरले आणि कठड्यावर उतरली. बोक्यापासून दोन हातांवर.

मुकादमानं एक डोळा उघडला. काजळीकडं पाहिलं. भूपालच्या फुगलेल्या गालांकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग डोळा मिटला.



काजळी मान झुलवत कठड्यावरून खाली आली. दोन पावलं चालली, थांबली, आणि भुर्रकन उडून भूपालच्या खांद्यावर बसली. पिल्लू असताना ती अशीच त्याच्या ओठांतून दाणे खायची. त्यानं ओठ किलकिले केले. तिनं एक दाणा टिपला, मग दुसरा, मग तिसरा.

भूपालला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं. पंधरा दिवसांत ती त्याच्या इतक्या जवळ आली नव्हती. गालांतला शाळू संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला. नंतर तिला दोन्ही हातांत धरून ढाबळीत सोडली, कडी लावली, आणि लागली की नाही ते ओढून पाहिलं.

उस्ताद उठले. गुडघ्यांवर हात ठेवून जिन्याकडं निघाले.

“उस्ताद,” भूपाल तोंडाला लागलेला कोंडा पुसत त्यांच्यामागं धावला, “मी आत्ताच जातो सोनाक्काकडं. माफी मागतो. रविवारी बी साडेतीनलाच घाला म्हणून सांगतो. पण रविवारची गोष्ट येगळी हाय. पंच येणार, ही गर्दी असणार, माझ्या जिवाची घालमेल हुणार... आणि ऐन वेळेला मुकादम गच्चीवर आला, तर मी काय करू?”

उस्ताद दोन पायऱ्या उतरून थांबले. त्यांनी कठड्यावर घोरणाऱ्या बोक्याकडं पाहिलं, मग भूपालकडं पाहिलं.

“त्याला वर बसू दे,” ते म्हणाले. “तू खाली थांब.”