बरूच्या पोंग्यातली ठकू

एकदा काय झालं, काळ्या रानाच्या एका गावात धुरपा नावाची बाई राहत होती. नवरा नव्हता, सासर-माहेरचं कुणी नव्हतं. एक लेक होती, ठकू. एवढीशी.

त्या गावात एक रीत होती, बरं का. जोंधळ्याची पहिली खुरपणी आली, की शिवारातलं सगळ्यांत उंच, सगळ्यांत हिरवं रोप शोधायचं. त्याला हळदकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा, आणि मग त्याला कुणी खुरपं लावायचं नाही. ते देवीचं रोप. त्या वर्षी रोप शोधायचा मान धुरपाला मिळाला. तिला बांधाकडेला एक रोप दिसलं. बाकीची बोटाएवढी, हे वीतभर! धुरपा हरखली. तिने त्यालाच हळदकुंकू वाहिलं.

पण तो जोंधळा नव्हता. ते बरू होतं. बरू म्हणजे जोंधळ्याचा रानातला भाऊ. कोवळेपणी दोघं सारखेच दिसतात. तेच पान, तोच रंग. पुढे जोंधळ्याचा दाणा कणसात टिकून राहतो, आणि बरूचा दाणा पिकला की गळून मातीत जातो. त्याच्यापाशी काही उरत नाही. म्हणून हे बरू भुकेलं होतं. फार भुकेलं.

मग ते वाढायला लागलं. माणसाहून उंच झालं. बुडाशी रांजणाएवढं जाड झालं. एके सकाळी एक करडू नाहीसं झालं. लोक म्हणाले, लांडग्याने नेलं. मग पाटलांचा कुत्रा गेला. तेव्हा लोक दिवस असतानाच दारं लावून घ्यायला लागले. दोन्ही वेळा बरूच्या पोंग्यातून, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गाभ्यातून, एक नवं पान वर आलं होतं, सुरळीसारखं घट्ट गुंडाळलेलं. धुरपाने ते पाहिलं.

ती पाटलांकडे गेली. म्हणाली, "पाटील, मी चुकले. ते देवीचं रोप नाही. उपटून टाकू या."

पाटील हसले. "गवताला भ्यायचं होय गं, धुरपे? उद्या कोथिंबिरीला भिशील!"

तरी त्यांनी गडी पाठवले. गड्यांनी शिडी लावून विळ्यांनी सगळी पानं शेंड्याला छाटली. सकाळी पाहतात तर बरू आणखी उंच झालेलं. पानांचे शेंडे मात्र तसेच, बोथट, कापलेले. मग बैल आणून तिथेच बांधले चरायला. बैलांनी एकदा वास घेतला आणि दावी तोडून पळाले.

आणि त्याच संध्याकाळी ठकू नाहीशी झाली.

धुरपा हाका मारत शिवारभर फिरली. बांधापाशी आली तेव्हा तिला ऐकू आलं. आवाज बारीक होता, बरूच्या आतून येत होता.

"आई, इथं अंधार आहे गं."

धुरपा खाली बसली. तिने कान लावला. आवाज तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून येत होता. तोवर भिवा सुतार कुऱ्हाड घेऊन धावत आला. पण दिवस मावळला होता.

"अंधारात घाव चुकला तर पोरीला लागेल, धुरपाक्का. उजाडू दे. मी कमरेपाशी तोडतो. पोर खालच्या खुंटात राहील."

धुरपाने चुलीतला कोळसा आणला. जिथून हाक आली होती, तिथे एक आडवी रेघ ओढली. भिवाला कळावं म्हणून. मग ती तिथेच बसून राहिली.

उजाडलं. पाटील आणि त्यांचे गडीही आले. भिवाने कुऱ्हाड उचलली, कमरेपाशी नेम धरला. आणि धुरपा किंचाळली, "थांब!"

रेघ कमरेपाशी होती.

"काल गुडघ्याशी होती की!" भिवा म्हणाला. "कुणी पुसून पुन्हा ओढली?"

"कुणी नाही रे. पान शेंड्याला वाढत नाही, बुडाला वाढतं. बूड त्याला वर ढकलतं. म्हणून तर शेंडे छाटले तरी ते उंच झालं. जे आत आहे, ते सगळं वर चाललंय."

"आई," ठकूची हाक आली. अगदी कुऱ्हाडीच्या पात्यासमोरून.

भिवाने कुऱ्हाड खाली ठेवली.

मग धुरपाने खुरपं घेतलं. "तुम्ही सगळ्यांनी याला धरा. पडू देऊ नका," ती म्हणाली. गड्यांनी बरूला मिठ्या मारल्या. पानांच्या धारेने त्यांचे हात चिरले, पण त्यांनी सोडलं नाही. धुरपा मातीत गुडघे टेकून बूड कापायला लागली.

तेव्हा बरू बोललं. वाऱ्यासारखं, हळू. "कशाला कापतेस? तूच आत ये. जागा आहे. लेकीजवळ राहशील."

धुरपाचा हात थांबला. क्षणभरच. मग ती म्हणाली, "तिला बाहेर यायचंय." आणि पुन्हा कापायला लागली.

बरू चिडलं. भराभर वर सरायला लागलं. रेघ छातीपाशी गेली. खांद्यापाशी गेली. डोक्यावर गेली. ठकूची हाक बारीक होत होती, मग ऐकूच येईना. धुरपाने वर पाहिलं नाही. ती कापत राहिली.

कट्.

आणि रेघ थांबली.

सगळ्यांनी बरूचं कापलेलं ताट हळूच आडवं केलं. धुरपा एकेक पान सोलायला लागली. जुनं पान बाहेर, नवं आत, हे तिला ठाऊक होतं. पहिल्या पानातून करडू निघालं, थरथरत. दुसऱ्यातून कुत्रा निघाला आणि शेपूट घालून पाटलांच्या पायांत शिरला. मग सगळ्यांत आतलं, सगळ्यांत कोवळं पान. त्यात ठकू होती. ओली, गार, डोळे मिटलेले.

धुरपाने तिला पदरात घेतलं. तळवे चोळले, पाठ चोळली. चोळतच राहिली.

मग ठकूने डोळे किलकिले केले. "आई, हळू ना. दुखतंय."

धुरपा हसली. आणि मग रडली.

त्यांनी बरूची मुळं खणून उन्हात वाळवली आणि जाळली. देवीला त्या वर्षापासून नुसता दहीभात ठेवतात, रोप कुठलंच राखत नाहीत. ठकू मोठी झाली, म्हातारी झाली, आणि सगळे सुखाने राहिले.

चला, पाय आत घ्या. डोळे मिटा. दाराला कडी घातली आहे, दोनदा पाहिली आहे. झोपा आता.