दाराखालची चार बोटं

आंबेवळण गावाला नदीने अर्धा वेढा घातलेला आहे. गाव एका काठावर, आणि समोरच्या काठावर करंजांच्या गार सावलीत चिंतनगीर महाराजांचा मठ. महाराज फारसं बोलत नसत. पण रडत आलेला माणूसही तिथून हलका होऊन परत जाई, अशी त्यांची कृपा!

त्या मठात रोज संध्याकाळी टाळ घेऊन बसणारा एक भक्त होता, गेनबा सुतार. तोंडात नाम आणि हातात रंधा, एवढंच त्याचं जग. नवं दार तो लगेच कधी बसवत नसे. ज्या खोलीला लागायचं, त्याच खोलीत पाटांवर ते आडवं निजवून ठेवी. घराची हवा आधी लाकडाला मानवू दे, मग त्याला उभं करू, असं तो म्हणे.

त्रिंबकराव इनामदारांनी नवं घर बांधलं, तेव्हा आतल्या कोठीच्या खोलीचं दार गेनबाकडे आलं. खोलीला खिडकी नव्हती, म्हणून दार चांगलं जाड सागवानी. पाटांवर निजलेलं दार पाहून इनामदार हसले. "काय रे गेन्या, दार निजवलंस होय? आता अंगाईही गा की!"

गेनबाही हसला. पण दार बसवायच्या दिवशीच घात झाला. नामाच्या तंद्रीत उंबरठ्यासाठी सोडायची जागा त्याने दोनदा सोडली आणि दार खालून जास्त कापलं गेलं. उभं केलं तर खाली चांगली चार बोटं फट! कापलेलं लाकूड कुठून परत आणणार?

"अरे, हे दार केलंस की पोराचं झबलं शिवलंस?" इनामदार सगळ्यांसमोर गरजले. "बोलाव तुझ्या महाराजांना, म्हणावं वाढवा हे दार! आजपासून या गावात तुझ्या हातात कोणी लाकूड देणार नाही!"

गेनबाने हत्यारांची पेटी उचलली, नदी ओलांडली आणि पेटी महाराजांच्या पायांशी ठेवली. "महाराज, माझ्या नामाने माझ्या हाताला दगा दिला. आता रंधा धरायचा नाही मी."

महाराजांनी पेटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गेनबा, दाराला तेल पाजलंस?"

"वरून पाजलं, महाराज. खालची कड राहिली. ती कोण बघतंय?"

"आम्ही बघतो ना! जा, ती कड घासून गुळगुळीत कर, तेल पाज. आणि इनामदारांना सांग, ती फट आमची आहे. बुजवू नका."

पेटी मठातच राहिली. गेनबा नुसती तेलाची वाटी आणि फडकं घेऊन परत गेला. निरोप ऐकून इनामदार आणखीच चिडले. त्यांनी गड्याकडून फटीवर पट्टी ठोकून घेतली. सकाळी पाहतात तो पट्टी जमिनीवर! पुन्हा ठोकली, पुन्हा पडली. "मर तिकडे!" म्हणून त्यांनी नाद सोडला. मग गेनबाने खाली मान घालून, उंबरठ्याशी पोटावर पडून, ती कोणी न पाहणारी कड वाळूने घासून गुळगुळीत केली आणि तिला जवसाचं तेल लावलं.

तेल अजून ओलं होतं. त्याच दुपारी इनामदारांची लहानगी नात येसू पिकलेला आंबा शोधायला दिवा घेऊन कोठीत शिरली. कोणी रागवू नये म्हणून तिने आतून कडी लावली. आंब्यांच्या आढीवर वाकली, दिवा कलंडला आणि आढीतल्या वाळलेल्या गवताने पेट घेतला!

"आजोबाऽ!" एक किंकाळी, आणि मग काहीच नाही. फटीतून धूर येऊ लागला. गडी दार बाहेर ओढत होते. जाड सागवान हलेना. "येसू! बाळा, बोल गं!" इनामदार दारावर डोकं आपटत होते.

ओट्यावर बसलेला गेनबा धावत आला. त्याने अंगणातली पहार फटीत घातली आणि "महाराज!" म्हणून सगळा जीव लावून दार वर उचललं. आतली कडी कोयंड्यातून निसटली. दार उघडलं! गडी घागरी घेऊन आगीवर धावले.

येसू उंबरठ्याला नाक लावून पालथी पडली होती. जिवंत होती! आजोबांच्या गळ्यात पडून ती म्हणाली, "एका बाबांनी खालून हात घातला. म्हणाले, हात सोडू नकोस, तोंड इथे आण, इथे वारा आहे."

"कोणते बाबा?" इनामदारांनी आजूबाजूला पाहिलं. तिथे कोणीच बाबा नव्हते.

अनवाणी पायांनी ते नदी ओलांडून मठात गेले. महाराज ध्यानातून नुकतेच उठले होते. त्यांच्या उजव्या मनगटावर काजळी होती, आणि त्या काजळीवर ताज्या जवसाच्या तेलाचा आडवा पट्टा.



महाराज म्हणाले, "गेनबाने कड गुळगुळीत केली होती म्हणून बरं, त्रिंबकराव. नाहीतर आमचा हात सोलला असता."

कोपऱ्यातली हत्यारांची पेटी इनामदारांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तशीच गावातून आणून गेनबासमोर ठेवली. मग ते कोठीच्या दाराशी गेले. खालची ती कड त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ती पाहायची तर माणसाला जमिनीवर आडवंच व्हावं लागतं. त्रिंबकराव इनामदार आडवे झाले, उंबरठ्यावर कपाळ टेकलं, आणि बराच वेळ उठले नाहीत.