सपाटीवरचा काटा

“कुणी म्हणून माझं खरं मानलं नाही, बाबा! पेट्रोलचा काटा पावाच्या वर होता. ह्या डोळ्यांनी बघितला!”

दर्ग्याच्या पायरीवर चपला भिरकावत द्रुपदा ओरडली.

नूरबाबा फकीर ओट्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली.

“आधी सांग, लेकरू कसं आहे?”

तिचा आवाज खाली आला.

“काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर दुपारपर्यंत फोन करतो म्हणाले...”

मुठीतला मोबाइल तिनं पुन्हा बघितला. दुपार कलली होती.

द्रुपदाची पांढरी छोटी गाडी म्हणजे वाडीतल्या बाळंतिणींची गाडी. परवा गंगासागरला कळा सुटल्या, तिला घालून द्रुपदा तालुक्याला निघाली, आणि वरच्या घाटात गाडी आचके देत बंद पडली. टाकी कोरडी ठणठणीत. दोन कॅन पेट्रोल येईस्तोवर दीड तास गेला. पोर मागच्या सीटवरच झालं, आणि झालं ते रडलं नाही.

वाडी आता म्हणत होती, बाईनं रिकाम्या टाकीवर बाळंतीण घाटात नेली. संध्याकाळी चावडीवर बोलावणं होतं. गंगासागरचा सासरा गाडीची चावीच काढून घेणार होता.

“मला नाव पाहिजे, बाबा. गुन्हा कुणाचा ते तुम्ही सांगा. तुमचा शब्द वाडी मोडत नाही.”

“तुला कोण वाटतं?”

“पंपवाल्यानं माप मारलं असंल. नाहीतर कंपनी खोटी! पुस्तकात छापलंय, टाकी पस्तीस लिटरची, लिटरला वीस किलोमीटर. म्हणजे सातशे. सोमवारी टाकी फुल्ल केली, त्यावर चारशे दहा झाले होते. राहिले किती? चौथी शिकलेय मी, पण एवढी वजाबाकी येते!”

“ज्यानं सातशे छापलं, तो आपला घाट चढला होता का?”

“तो कशाला मरायला येतोय इकडं!”

“पाच माणसं घालून?”

द्रुपदा उसळली.

“पुस्तक मरू द्या. पण काटा? काट्याला तर घाट माहीत होता ना?”

बाबा काठी टेकत उठले. गाडी दर्ग्याच्या चढावर तोंड वर करून उभी होती.

“आत्ता किती दाखवतोय?”

द्रुपदानं चावी फिरवली. मीटरच्या काचेवर दर्ग्याच्या चादरीचा हिरवा तुकडा बांधलेला होता, तो उचलला.

“पावाच्या वर! घ्या, तुम्हीच बघा. काट्यानं कधी दगा दिला नाही मला.”

“खाली घे. चिंचेखाली, सपाटीवर.”

“त्यानं काय होणार?”

“घे तर.”

गाडी खाली आली. बाबा मागोमाग सावकाश उतरले. द्रुपदानं कापड पुन्हा उचललं... आणि तिचा हात तसाच राहिला.

काटा पार तळाला बसला होता. बाजूला पिवळा दिवा जळत होता.

“हे... हे कसं?”

“चढावर पेट्रोल टाकीत मागं सरतं, काटा फसतो. घरी कुठं लावतेस गाडी?”

“दारात. तिथंही असाच चढ आहे. रोज सकाळी चादर उचलते, काटा बघते, पाया पडते, चादर सोडते.”

“आणि वाटेत?”

“वाटेत कशाला बघू? वेग मला कानानं कळतो. आणि वर दर्ग्याची चादर असल्यावर...”

मोबाइल वाजला असं वाटून तिनं तो कानाला लावला. वाजला नव्हता.

“गंगी मागं ओरडत होती,” ती म्हणाली. “मी तिला दम देत होते, कळ काढ गं, पोचतोच आपण. आणि हा दिवा... हा तेव्हाही जळत असणार.”

बाबांनी गाडीचं दार उघडलं.

“म्हणजे मीच. सरळ म्हणा की! चावडीवर सांगा, द्रुपदानं केलं. पोराचं काही बरंवाईट झालं तर...”

बाबा दारातून आत वाकले आणि कापडाची गाठ सोडायला लागले. गाडी नवी आणली त्या दिवसाची गाठ, घट्ट बसलेली. नखं लावली, दात लावले. शेवटी सुटली. पिवळा दिवा उघडा पडला.

“ही कुणी बांधली?”

“...तुम्ही.”

“बांधताना मी विचारलं का, हिच्याखाली काय आहे?”

“बाबा, असं नका बोलू. लोक काय म्हणतील तुम्हाला!”

बाबांनी कापड घडी करून झोळीत टाकलं आणि तिच्या शेजारी बसून दार ओढून घेतलं.

“पंपावरनं घे, मग चावडीवर. गुन्हा कुणाचा विचारलं, तर तिथं नूरबाबा म्हणू नकोस. आईनं ठेवलेलं नाव सांग... बशीर.”