चाळणीसमोरचे साहेब

कोंडवाडीच्या शेवंताबाईंनी पिठाच्या चाळणीचा अँटेना करून समोरच्या टेकडीवरच्या सरकारी दवाखान्यात इंटरनेट पोचवलं होतं. त्याच्यावरून शहरातले डॉक्टर पेशंट तपासत. हे कानावर येताच दूरसंचार खात्याचे तपासनीस रणनवरे साहेब जीप घेऊन हजर झाले.

"परवान्याशिवाय रेडिओलहरी सोडता? सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल करीन!"

"साहेब, बिनपरवाना चालते तेवढ्याच ताकदीचं यंत्र आहे. मोजून बघा की."

"मला कायदा शिकवू नका!" म्हणत साहेब पोट पुढे काढून नेमके चाळणीसमोर ठाण मांडून उभे राहिले.

लगेच समोरच्या टेकडीवर दवाखान्यातल्या नर्सबाई लाल फडकं हलवू लागल्या.

"हे काय?"

"पडद्यावरचे डॉक्टर दिसेनासे झाले, अशी खूण आहे. लहर इतकी अशक्त, की तुमच्या पोटालाच अडली. आता सांगा साहेब, सरकारी दवाखान्याचं काम कुणी अडवलं? गुन्हा कुणाच्या नावावर लिहायचा?"

साहेब टुणकन बाजूला झाले. फडकं खाली गेलं. मग मोजणी झाली, ताकद नियमात बसली, चहाही झाला.

निघताना साहेब चाळणीसमोरून कमरेत वाकून गेले. देवळातही ते एवढे कधी वाकले नसतील, असं वाटून शेवंताबाई पदराआड हसल्या.