रंभाजीनं बॅटरी हलवली

एका गावात रंभाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलं ते करायचं, नाही सांगितलं ते करायचं नाही, असा सरळ माणूस. त्याच्याकडे एक जुनी मोटार होती. मेव्हण्याच्या साखरपुड्याला सासऱ्यांना त्याच मोटारीतून न्यायचं ठरलं होतं. रंभाजीला त्याचा मोठा अभिमान. पण मोटार सुरूच होईना.

हुसेन मिस्त्रीनं बॉनेट उघडून पाहिलं. "इंजिनाला चिकटून बॅटरी तापते. तिला इथनं हलव."

मिस्त्री गेला. रंभाजीनं बॅटरी दोन्ही हातांनी धरली आणि हलवली. जेवणवेळ होईपर्यंत हलवली. आतलं ॲसिड उडून धोतराची चाळण झाली.

बायको सगुणा धावत आली. "अहो, हलवायची म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवायची!"

"मग तसं सांगायचं," रंभाजी म्हणाला, आणि ते त्यानं मनात पक्कं धरलं.

संध्याकाळी सगुणा पाण्याला निघाली. "चुलीवरची आमटी तेवढी हलवा. खाली लागेल."

रंभाजीनं आमटी उचलून दुसरीकडे ठेवली. गोठ्यात. म्हशीनं तोंड घातलं, तिला तिखट लागलं, तिनं पातेलं लाथाडलं. दोघांनी मिठाशी भाकरी खाल्ली.

"आता मिस्त्रीला विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका," सगुणा म्हणाली.

मग मिस्त्रीनंच येऊन लांब वायर टाकली, बॅटरी मागं डिकीत नेली, पट्ट्यानं आवळली. "ध्यानात ठेव. गाडीत जड वस्तू सुटी ठेवायची नाही. वळणावर लवंडते."

साखरपुड्याला सगुणा माहेरच्या बायकांबरोबर पुढं गेली. मागून सासरे आले. तात्या. भरलेलं अंग, कोरा फेटा. ते मागच्या सीटवर टेकले तशी मोटार एका अंगाला कलली. रंभाजीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. गोठ्यातून दोरखंड आणला आणि तात्यांना सीटला आवळून बांधलं.

"जावईबापू, हे काय?"

"वळणावर लवंडाल, मामा."

तात्यांना जावयाच्या मायेनं भरून आलं. ते तसेच ऐटीत टेकून बसले.

फाट्यावर मोटार बंद पडली. मिस्त्रीचं दुकान समोरच होतं. त्यानं डिकी उघडली. "हिच्यातलं पाणी आटलंय. तापली की झाकण काढायचं, वरून पाणी ओतायचं, झाकण लावायचं. तापलेली तशीच दामटायची नाही."

रंभाजीनं मान डोलावली. मिस्त्रीनं पाणी ओतलं तशी मोटार एका झटक्यात सुरू झाली आणि पुढं निघाली.

मुलीच्या घरी पोचेपर्यंत दोरखंड तात्यांच्या पोटात रुतला होता. दारात व्याही पाय धुवायला पाण्याची घागर घेऊन उभे. सगळं वऱ्हाड बघतंय.

"सोड मला!" तात्या ओरडले. "माणूस आहे का बैल?"

व्याही बावरले. "तात्या फारच तापलेले दिसतात."

रंभाजीला हायसं वाटलं. यावरचा इलाज त्याला ठाऊक होता. त्यानं तात्यांचा फेटा अलगद उचलला. व्याह्यांच्या हातातली घागर घेतली. सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता, सगळी तात्यांच्या डोक्यावर ओतली. फेटा पुन्हा नीट बसवला.

"आता बघा," तो व्याह्यांना म्हणाला, "एका झटक्यात सुरू होतील."

आणि तात्या सुरू झाले. साखरपुडा उरकला, पंगती उठल्या, तरी बंद होईनात.